आण्णांचा कोट

माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, उभ्या जन्मात कोट घातला नाही. ते रेल्वेत गँगमन होते. कामावर खाकी, घरी धोतर-बंडी आणि डोक्यावर पांढरी टोपी, एवढाच त्यांचा थाट. तरीही ते गेल्यापासून मुदखेडच्या आमच्या घरात भिंतीवर निळा कोट आणि लाल टाय घालून बसले होते. डोक्यावर टोपी तशीच होती.

झालं असं की ते वारले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो कुणाकडेच निघाला नाही. एका चुलतभावाच्या लग्नातल्या घोळक्यात ते मागच्या रांगेत सापडले. नांदेडच्या एका स्टुडिओवाल्यानं तिथून त्यांचं डोकं अलगद उचललं आणि तयार कोटावर आणून बसवलं. चुलत्यांना फार आवडलं. "सायबावाणी दिसून राहिलाय की," ते म्हणाले. आईनं मात्र त्या उन्हाळ्यापासून बाहेरच्या खोलीतला पंखा बंद करणं सोडून दिलं. खोलीत माणूस असो-नसो, पंखा चालू. विचारलं तर म्हणायची, "ह्यांना कोटात उकडत असंल." सुरुवातीला मी हसले. नंतर तिच्या तोंडाकडे बघून कळेना, ही थट्टा करतेय की खरंच बोलतेय.

आता गंमत अशी की मीसुद्धा याच धंद्यात पडले. लग्न होऊन लातूरला आले, तिथं नवऱ्याचं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. लातुरात शिकवणीसाठी आलेली पोरं इतकी, की फॉर्म भरायच्या दिवसांत आमच्या दारात चपलांचा ढीग लागतो. आमची लायटिंगची पद्धत सोपी होती. डावीकडे एक लाईटची छत्री, उजवीकडे एक छत्री, मध्ये पोरगं. हनुवटी खाली, कान दिसू द्या, चष्मा काढा, झालं. चेहरा भाकरीसारखा सपाट यायचा आणि वर कुणी म्हणालं की "ताई, जरा गोरं करा", तर कॉम्प्युटरवर तेही करून द्यायचे. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते आईबापच जाणोत.

भिंतीवरचे फोटोही मी बनवायचे. घरातलं माणूस गेलं की लोक आधार कार्ड घेऊन येतात. कार्डावरचं डोकं घ्यायचं, बाप्यांना कोट, बायकांना जरीकाठाची साडी आणि मोत्यांची माळ. कोट आणि साड्या कॉम्प्युटरमध्ये तयार असतात. लातूर, औसा, रेणापूरच्या कितीतरी घरांत एकच साडी नेसलेल्या आज्या भिंतीवर आहेत, ती माझी करामत. पण प्रत्येक वेळी त्या साडीवर कुणाची तरी आई चिकटवताना माझा हात माऊसवर अडायचा. कारण माझ्या आईचाही एकटीचा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. त्यात ती विनातिकीट पकडल्यासारखी दिसते.

मी कमी प्रयत्न केले असं नाही. पण आईचं ठाम मत होतं की जित्या माणसाचा एकट्याचा फोटो काढत नसतात. "एकट्याचा फोटू हारासाठी असतो," असं ती म्हणायची. आमच्याकडच्या बऱ्याच बायका असंच म्हणतात. मी मोबाईल वर केला की ती शेजारणीला ओढून जवळ घ्यायची. शेजारीण नसली तर शेजारच्या पोराला. एकदा कुणीच नव्हतं तर तिनं मांजर उचललं. तो फोटो आहे माझ्याकडे. मांजर छान आलंय.

अशात नांदेडला पोर्ट्रेटच्या लायटिंगची कार्यशाळा असल्याचं कळलं. नवऱ्याला म्हटलं, मी जाते. तो म्हणाला, "आता शिकून काय करणार? छत्र्या दोन आहेतच." मी गेले. मुदखेडहून नांदेड रेल्वेनं जवळच, म्हणून मुक्काम आईकडे. रोज सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी परत.

कार्यशाळेत मी सोडून सगळे लग्नांचे फोटो काढणारे पुरुष. शिकवणारे सर बुटके, शांत, सदा चहाच्या शोधात. त्यांनी पहिल्या दिवशी काळ्या कापडावर एक अंडं ठेवलं, एक लाईट दिला आणि म्हणाले, "काढा." अर्धा दिवस आम्ही अंड्याचे फोटो काढत होतो. लाईट समोरून मारला की अंडं चपटं, रुपयासारखं. बाजूला नेला की एकदम गोल, हातात घ्यावंसं वाटणारं. दुपारी नवऱ्याचा फोन आला. अंडं म्हटल्यावर तो इतका हसला की दुकानातलं गिऱ्हाईकही हसल्याचं मला ऐकू आलं.

"उजेड सगळेच पाडतात," सर म्हणाले. "सावली कुठं पाडायची ते ठरवा."

औशाचे एक मिशीवाले फोटोग्राफर लगेच म्हणाले, "सर, नवरीच्या तोंडावर सावली पडली की तिची मावशी भांडाय येती." सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "मावशीला पण बसवा लाईटात. गप होईल." मग त्या औशेकरांनाच स्टुलावर बसवलं, कारण त्यांचं नाक सावलीसाठी फार सोयीचं होतं. एक लाईट जरा वरून, जरा बाजूनं. नाकाची सावली गालावर उतरली, पलीकडच्या गालावर उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटला, डोळ्यात एक ठिपका चमकला. स्क्रीनवर फोटो आला तेव्हा ते आपल्याच तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "आयला, हे तर माझे आजोबा हायेत." मला त्या क्षणी आईची फार आठवण झाली. हे नाक, हे गाल, सगळं मी लातुरात दोन छत्र्या लावून पुसून टाकत आले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टीलचा तांब्या ठेवला. आता आमच्या नाकी नऊ आले. तांब्यात लाईट दिसायचा, आम्ही दिसायचो, सरांचा चहासुद्धा दिसायचा. सरांनी समजावलं की चकचकीत वस्तू आरशासारखी असते. तिच्यात काय दिसतंय ते आधी बघायचं, मग लाईट हलवा, वस्तू हलवा, नाहीतर स्वतः हला. "चष्म्यावर चकाकी आली की फोटो बाद," त्यांनी बजावलं. मी वहीत लिहून घेतलं.

मग घरचा अभ्यास मिळाला. एक माणूस, एकच उजेड, आपल्या घरातलं कुणीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोटो आणायचा. बाकीचे खुशीत होते. माझ्यासाठी मात्र घर म्हणजे मुदखेडचं घर, आणि घरात माणूस एकच.

सकाळी पहिली गाडी सोडून दिली. बाहेरच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, ऊन थेट आत येतं. एवढं कडक ऊन तोंडावर चालत नाही, खिडकीला काहीतरी पांढरं, पातळ लावावं लागतं. आईला म्हटलं, "एखादी पांढरी चादर दे ना." ती पेटीत बराच वेळ हुडकत बसली आणि धुऊन घडी घातलेलं आण्णांचं धोतर घेऊन आली.

"हे चालंल का? पातळ हाय."

मी ते खिडकीवर बांधलं. खोलीतला उजेड एकदम मऊ झाला. पंखा चालूच होता, त्यानं धोतर जरा हलत होतं. आई कौतुकानं बघत होती. मी स्टूल मांडलं, उजेड बघायला त्यावर घागर ठेवून पाहिली, कॅमेरा लावला. घागर फारच देखणी दिसत होती.

"अन् आता तिथं कोण बसणार?" आईनं विचारलं.

"तू."

"एकटी?"

"एकटी."

"मला सैपाक करायचाय," असं म्हणून ती वळली.

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तसा तापटच आहे, आणि ही भीती मी किती दिवस पोटात घेऊन फिरत होते. मी म्हटलं, "जा. कर सैपाक. अन् उद्या तू गेलीस की आधार कार्डावरचं तुझं डोकं काढून मीच दुसऱ्या बाईच्या साडीवर चिकटवते. माझ्याकडं तयार हाय साडी. लेकरांना दाखवीन, ही बघा तुमची आजी. तुझं नाकसुद्धा न्हाई राहणार त्यात." शेवटचे शब्द बोलताना रडू आलं, ते मला अजिबात नको होतं.

आई दारात थांबली. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कोटाकडे बघितलं. आत गेली ती तोंड धुऊन, केस विंचरून बाहेर आली. मग पाटावर चढली आणि आण्णांची तसबीर खिळ्यावरून काढली. चंदनाचा हार काढून खिळ्याला अडकवला, काच पदरानं पुसली आणि तसबीर मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

"एकटी न्हाई बसणार. ह्यांना संगं घेतलंय. काढ आता."

एक माणूस, असा सरांचा नियम होता. पण त्या घटकेला सरांचा नियम सांगत बसायची माझी हिंमत नव्हती. मी आईचं तोंड खिडकीकडे जरा वळवलं. नाकाची सावली उतरली. सुरकुत्या एकेक करून दिसायला लागल्या, कपाळावरचं गोंदण दिसलं, ओलसर डोळ्यात खिडकीचा चौकोनी ठिपका आला. ही माझी आई होती, इतकी वर्षं कुठल्याच फोटोत न आलेली. माझी नजर तिच्या तोंडावरून हटेना. मी पटापट फोटो काढले.

कॅमेऱ्यात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आदल्या दिवशीचा तांब्याचा धडा मी साफ विसरले होते. तसबिरीच्या काचेत खिडकीवरचं धोतर उमटलं होतं. काचेचा खालचा सगळा भाग पांढराशुभ्र. फोटो बाद.

"आई, उठू नकोस. चकाकी आलीय. तसबीर जरा खाली वाकव, परत काढते."

"बघू दे की आधी." तिनं कॅमेरा हातात घेतला. स्वतःकडे तिनं बघितलंच नाही. बोट फोटोतल्या तसबिरीवर टेकवलं. "कोट कुठं गेला?"

मीही नीट बघितलं. चकाकीत कोट गेला होता, टाय गेला होता. वर आण्णांचा चेहरा आणि टोपी तेवढी स्वच्छ होती, आणि खाली छातीवर नुसतं पांढरं.

"हे पांढरं काय म्हून दिसून राहिलंय?"

"खिडकीवरचं धोतर हाय ते, आई. काचेत दिसतंय."

"ह्यांचंच की," ती म्हणाली, आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन उठली. "दुसरा नगं काढू. हाच ऱ्हाऊ दे." मग खरंच स्वयंपाकाला गेली. माझ्याही मनातून तो परत काढायचं गेलं.

दुपारी वर्गात फोटो पडद्यावर लागला. सर बराच वेळ आईच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. उजेड चांगला पकडलाय म्हणाले, डोळे चांगले आलेत म्हणाले. मग पुढे झाले आणि तसबिरीवर बोट ठेवलं. "पण मॅडम, इथं काय झालं? काच जरा झुकवली असती तर ही चकाकी गेली असती. अन् माणूस एकच सांगितला होता."

"हाव सर, चुकलं," मी म्हटलं. चूक होतीच ती. औशेकर मागून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, आपल्याला आवडला." सरांना चहा आला आणि विषय संपला.

नांदेडहून निघताना मी त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली. लातूरच्या दुकानात लावायची, असं मनात होतं. मुदखेडला आईला दाखवली तर तिनं ती माझ्याकडून घेतलीच. जुनी तसबीर उघडली, कोटातला फोटो काढून पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला आणि त्या जागी नवा बसवला. पाटावर चढून खिळ्याला अडकवला. खिळ्यावरचा चंदनाचा हार मात्र उतरवून देवळीत ठेवला.

मी म्हटलं, "अगं, तूच तर म्हणायचीस, हारासाठी असतो म्हून. भिंतीवर लावलास की आपलाच फोटो!"

"एकटी कुठं हाय मी?" ती म्हणाली.

खाली उतरून ती दूर उभी राहिली, मान वाकडी करून दोघांकडे बघितलं. मग दाराजवळ गेली आणि पंखा बंद केला. भर मे महिना होता. पात्यांचा वेग कमी होत होत पंखा थांबला, आणि त्या दुपारी आम्ही दोघी घामानं निथळत जेवलो.