एका फोल्डरातले सगळे श्री

मला शिस्तीची खाज आहे. हे माझा नवरा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आलाय, आणि मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमधला मसाल्याचा एकेक डबा साक्ष द्यायला तयार आहे. मला त्याची लाज नाही. जिथली वस्तू तिथं ठेवायला काय मरण येतं का माणसाला?

आमचं ऑफिस रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर. काम म्हटलं तर गोड. खेड्यापाड्यांत लोकांनी घरच्या घरी जपलेली जुनी वाणं शोधायची, ज्वारी, तूर, मिरची, वांगं, आणि ती त्या माणसाच्या नावानं सरकारदरबारी नोंदवायची. आम्ही पाच जण: साहेब, गावोगाव फिरणारा आमचा कोराडीचा भाऊ (नात्यानं नाही, नुसता हाकेनं), एक म्हातारे कारकून, टायपिंगला एक पोरगी आणि सगळ्यांवर डाफरायला मी.

कॉम्प्युटरवरचा पसारा पाहून माझं टाळकं सरकायचं. ज्याचे त्याचे कागद ज्याच्या त्याच्या मशीनवर. कोराडीच्या भाऊच्या पडद्यावर मागे गणपतीचा फोटो होता म्हणे. मी तीन वर्षांत त्या गणपतीचा एक कान तेवढा पाहिला, बाकी सगळं फोल्डरांनी झाकलेलं. एकदा टायपिंगवाली मावसबहिणीच्या लग्नाला गेली आणि साहेबांना हवं असलेलं पत्र तिच्या मशीनमध्ये, पासवर्ड तिच्या डोक्यात, आणि ती वरातीत! फोनवर पासवर्ड ऐकताना मला फक्त बँडबाजा ऐकू येत होता. त्याच दिवशी मी ठरवलं, आता बस झालं.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि फर्मान काढलं. कोणीही काहीही सेव्ह केलं की ते साहेबांच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर, एकाच सामाईक फोल्डरमध्ये गेलं पाहिजे. डेस्कटॉपवर सेव्ह करणं बंद. पेनड्राइव्ह बंद. आणि फोल्डरच्या आत नवा फोल्डर करायचा हक्क फक्त माझा.

"हे त जेलच झालं ना गा," कोराडीचा भाऊ कॉम्प्युटरवाल्याला म्हणाला.

"जेल त जेल," मी म्हटलं. "उचल तुहा पसारा."

उचलला बिचाऱ्यानं. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून एकेका फोल्डरातली फाइल हलवायला लावली आणि डेस्कटॉपवरचं सगळं पुसायला लावलं. कोरा करकरीत पडदा आणि पूर्ण गणपती. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना समोसे मागवले. सोमवार होता तो.

गुरुवारी सकाळी भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"ताई, वांग्याचा रिपोर्ट दिसून नाही राहिला."

हे वांगं म्हणजे आमचं त्या वर्षीचं सोनं होतं. उमरेडच्या पलीकडच्या एका गावात एक बाई होती, साठीची, स्वतः शेत कसणारी. भरताचं एक वांगं तिनं चाळीस वर्षं आपल्या हातानं टिकवलं होतं. ते तिच्या नावानं नोंदवायचं होतं. भाऊनं तीन आठवडे तिच्याकडे चकरा मारून रिपोर्ट लिहिला होता, आणि अर्ज ऑनलाइन भरायची मुदत शुक्रवारी दुपारी दोनला संपत होती. हुकली, तर त्या वांग्यावर तिचं नाव लागायचं राहून जाणार होतं.

मी फोल्डर उघडला. भाऊनं 'श्री' नावाच्या फायलीवर बोट ठेवलं. उघडली. आत म्हाताऱ्या कारकुनांचा रजेचा अर्ज! गुडघेदुखीमुळे दोन दिवस.

मग हळूहळू उजेड पडला. आमच्याकडे कागद कोरा असला की सगळ्यात वर 'श्री' लिहितात. साहेब लिहितात, कारकून लिहितात, भाऊ लिहितो, मीही लिहिते. आणि तो मुलखाचा शहाणा कॉम्प्युटर पहिलीच ओळ उचलतो आणि फायलीचं नाव म्हणून पुढे करतो. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तेच नाव ठेवत आलो होतो. आजवर बिघडलं नाही, कारण प्रत्येक कामाचा फोल्डर वेगळा, प्रत्येकात एकच श्री. मी सगळ्यांना एका खोलीत कोंडलं. मग साहेबांच्या पत्राचा श्री भाऊच्या रिपोर्टच्या श्रीवर बसला आणि त्याच्यावर कारकुनांचा गुडघा. मशीन दर वेळी विचारत होतं, आधीची बदलू का? आणि आम्ही दर वेळी 'हो' म्हणत होतो. ते जे विचारतं त्याला आम्ही 'हो'च म्हणतो.

त्या आठवड्यातली एकच फाइल शाबूत होती, टायपिंगवालीची. तिनं वर 'नमो बुद्धाय' लिहिलं होतं. ती ओठ दाबून हसत होती, आणि मला तिचा राग यायच्या ऐवजी हसूच आलं. मग लगेच रडू आलं.

कॉम्प्युटरवाला आला, खाटखुट केलं, मान हलवली. जुन्या प्रती ठेवायची सोय असते म्हणे, ती त्यानं चालूच केली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. भाऊच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेली त्या बाईची बोलणी रिपोर्ट लिहून झाल्यावर त्यानं जागा करायला पुसली होती. भाऊनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मीच फोन लावला. "मावशी, तुमचा कागद माझ्याच्यानं हरपला," मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

पलीकडून लगेच, "मंग आता काय करा लागते?"

"पुन्हा सगळं सांगा लागते. उद्या दोनच्या आत."

"येतो ना मंग. पहिल्या गाडीनं येतो. त्याच्यात रडाचं काय हाय वं?"

मी रडत होते हे तिला कसं कळलं देव जाणे.

शुक्रवारी साडेनऊला ती दारात उभी. नऊवारी पातळ, हातात पिशवी, पिशवीत पाच-सहा वांगी. फिकट हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा, बाळसेदार. मला वाटलं होतं ती चिडलेली असेल. ती तर खुर्चीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "चाला, विचारा."

तिनं सांगितलं आणि कारकून सोडून आम्ही चौघं चार मशीनवर लिहायला बसलो. एकाकडे लागवड, एकाकडे रोग, एकाकडे चव, एकाकडे बियाणं. साहेब शाळेतल्या पोरासारखे शुद्धलेखन विचारत होते. आणि काय सांगितलं बाईनं! झाडाला दुसरा बहर आला की त्यातलं सगळ्यात देखणं वांगं निवडायचं, लाल दोरा बांधायचा, मग घरात कोणीही त्याला हात लावायचा नाही, पाहुणा आला तरी नाही. पिवळं होऊ द्यायचं. बी धुवायचं, सावलीत वाळवायचं, राखेत ठेवायचं. एका वर्षी नवऱ्यानं दोऱ्याचं वांगं तोडून भाजी करायला लावली होती. "आठ दिवस बोलली नाही त्याच्याशी," ती म्हणाली. भाऊ म्हणाला, "हे त मले नव्हतं सांगतलं!" "तू विचारलंच कुठं गा?"

बारा वाजता तिनंच चहाच्या गॅसवर एक वांगं भाजायला घेतलं. चव लिहायची तर खाल्ल्याशिवाय कशी लिहाल, हा तिचा सवाल बिनतोड होता. वास जिन्यानं वर गेला आणि दवाखान्यातले दोन पेशंट खाली डोकावून गेले. साल एका ओढीत निघाली. कारकून गुडघे विसरून उठले आणि हिरवी मिरची घेऊन आले. मी आयुष्यात ऑफिसमध्ये इतकी हसले नव्हते.

एकला शेवटचा रकाना उरला: बियाणं कुठं जतन केलं आहे. मी विचारलं, "घरीच ना?"

"घरी. अन् लेकीच्या सासरी. अन् शेजारणीकडं."

"तिघींकडे कायले?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं शाळेचं वय आठवलं. "एकाच घरी ठेवलं अन् त्या घरी उंदीर शिरला तर?"

भाऊनं खिडकीबाहेर पाहिलं. मी रकान्यात तिन्ही घरं लिहिली आणि फायलीला पहिल्यांदाच त्या वांग्याचं नाव दिलं. पावणेदोनला अर्ज गेला. पोच आली, तिच्यावर मावशीचं नाव. मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग कागद हातात घेऊन आपल्या नावावरून बोट फिरवलं, आणि पदराचा कोपरा डोळ्यांना लावला.

निघताना तिनं पिशवीतून एक पुरचुंडी काढली. राखेतलं बी. आमचेच कागद फाडून चिमूट चिमूट पुड्या बांधल्या आणि वाटल्या. साहेबांना, कारकुनांना, टायपिंगवालीला, भाऊला. "कोराडीले लावजो, पावरहाऊसच्या राखेची तुमच्याकडं काय कमी हाय," असं त्याला म्हणाली.

शेवटी माझ्याकडे आली. मी हात मागे घेतला.

"मले नका देऊ मावशी. माझ्याच्यानंच हरपलं होतं तुमचं."

"म्हणून त तुले देऊन राहिली वं," ती म्हणाली आणि माझी मूठ उघडून तिच्यात सगळ्यात मोठी पुडी ठेवली. "आता तू नाही हरपू देत."