मृणालचं न कापायचं गवत

मेमध्ये शेखरचा लीड्सहून फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये स्टॅनमोर स्टेशनच्या पायऱ्या उतरत होते. "मृणाल गेली गं," एवढंच म्हणाला... आणि मग मलाच विचारत राहिला, जेवलीस का, ऑफिसला निघालीस का.

मृणाल माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, शेखर तिचा नवरा. ती पॅथॉलॉजिस्ट, आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. लीड्सबाहेरचं घर तिने घेतलं ते मागच्या जुन्या कुरणाच्या तुकड्यासाठी. तिथे एक पतंग होता, चिमनी स्वीपर नावाचा. अंगठ्याच्या नखापेक्षा जरासा मोठा, काजळासारखा काळा, पंखांच्या टोकाला बारीक पांढरी किनार. हा दिव्यावर येणाऱ्यांतला नव्हे. जूनच्या उन्हात उडायचा, ढग आला की गवतात दडायचा. "अगं, इतकी रंगीत फुलपाखरं सोडून हा कोळसा काय कवटाळतेस?" मी चिडवलं. बाईसाहेब रागावल्या. मला गुडघ्यांवर बसवून पिगनट नावाच्या रानरोपाची फुलं दाखवली, अगदी कोथिंबिरीला येतात तशी पांढरी. अंडी तिथेच हिवाळा काढतात, वसंतात अळ्या बाहेर पडतात आणि त्या फुलांवर, बियांवरच जगतात. "आणि हा लांब कुठे जातही नाही गं. ही जागा गेली की संपला."

म्हणून पावसाळी गारवा संपून ऊन आलं तरी गवत कापायला बंदी. शेखर दर मेमध्ये मशीन बाहेर काढायचा आणि ही समोर उभी राहायची. "नेबर्स काय म्हणतील?" तो. "सांग त्यांना, वाइफ वेडी आहे." तो मुकाट्याने मशीन आत न्यायचा. पण का कापायचं नाही, हे त्याने कधी विचारलं नाही.

तेराव्याला गेले. ग्लासगोहून तिचा भाऊ आला होता, घर माणसांनी भरलं होतं. किचनच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मागचं गवत सपाट. "सगळे येणार म्हणून नीट केलं," शेखर म्हणाला. "बागेच्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये भरलं, कौन्सिलवाले घेऊनही गेले." मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. त्या गर्दीत मी चहाचे कप धुवायला घेतले.

जूनच्या शेवटी पुन्हा गेले. लख्ख ऊन होतं. शेखर गवताच्या कडेला खुर्ची टाकून बसलेला. "तिचे काळे पतंग आले नाहीत गं अजून. यंदा लेट आहेत का?" आताही गप्प राहिले असते तर तो रोज तिथे बसला असता. मी सांगितलं. फुलं, अळ्या, ब्राऊन बिन, सगळं.

"दरवर्षी ती अडवायची," तो म्हणाला. "या वेळी मशीन काढलं, जरा थांबलोसुद्धा... कुणी आलंच नाही."

कुंपणापाशी मशीन पोचत नाही, तिथे काही अळ्या वाचल्या असतील, असं मी मनाला समजावते. खात्री नाही.

निघताना, गवताचं मशीन ठेवलेल्या शेडच्या दारात मृणालचे चिखलाने माखलेले गमबूट दिसले. पाय अडकेल म्हणून उचलायला वाकले, तर शेखर म्हणाला, "राहू दे. ते ओलांडून मला आत जाववणार नाही."