ट्रक घ्यावा की मेटाडोर

माल भरण्याआधी टेम्पोवाले मामा त्याच्या कपाळाला हात लावत. कपाळाला म्हणजे खोक्याला, पिंपाला, गोणपाटात गुंडाळलेल्या शाफ्टला, जे काही समोर असेल त्याला. ताप बघावा तसा तळवा ठेवायचे आणि मला विचारायचे, "काय भाऊ, माल बसनारा हाय का निजनारा?" खोकी बसणारी, शाफ्ट निजणारे, आणि काचेचं काही असलं तर तो माल रडणारा. रडणारा माल ते गोधडीत गुंडाळून आपल्या पायाशी ठेवत.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात कारकून होतो. काम एकच. एखादा सुटा भाग संपून लाईन थांबली की तो भाग असेल तिथून ताबडतोब आणायचा. लाईन थांबली की मोठे साहेब धाकट्या साहेबांवर ओरडत आणि धाकटे माझ्यावर. माझ्या खाली कुणी नव्हतं, म्हणून मी मामांकडे धावत असे. मामांवर ओरडून मात्र उपयोग नसे. "घाई मालाला असती भाऊ, डायवरला न्हाई. डायवरनं घाई केली का मालाच्या आधी आपन दवाखान्यात."

मामा मूळचे महाळुंग्याचे. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते, कांदे होते. कांद्याच्या वखारीतून ते चिंचवडला आले आणि तीनचाकी टेम्पो घेऊन स्टेशनाजवळच्या स्टँडवर उभे राहू लागले. बाकीच्या टेम्पोवाल्यांकडे क्लीनर असे. मामांकडे मामी होत्या.

तुमच्यापैकी जुन्या पिंपरीकरांनी मामींना नक्की पाहिलं असेल. लहानपणापासून डावा पाय अधू, तोंड मात्र ठणठणीत. मूलबाळ नव्हतं, घरी एकटीला करमत नसे, म्हणून मामांच्या शेजारी बसून त्या दापोडीपासून नाशिकपर्यंत हिंडत. गाडी मागे घेताना दारावर बांगड्यांच्या हाताने थापा मारत आणि ओरडत, "येऊ द्या... येऊ द्या... अवो बास! भिंत हाय ती, माझं माहेर न्हाई!" आमच्या गेटवरचा वॉचमन हसता हसता पास बघायचा विसरून जाई.

मामा मात्र कंपनीत छाती पुढे काढून सांगत, "आपन गाडीवर एकटाच असतो. क्लीनर न्हाई, कुनी न्हाई."

"मंग मी कोन?" मामी विचारत.

"तू मालकीन. तू कशी मोजायची?"

पुढे टेम्पो थकला. चढावर तो खोकू लागला, तसं मामांनी नवी गाडी बघायला घेतली, आणि मी त्यांच्यामागे ट्रकाचा धोशा लावला. भोसरीच्या फौंड्रीतून आमच्याकडे रोज कास्टिंग येत. ओतीव लोखंडाचा वजनदार माल, ट्रकाशिवाय होणं नाही. साहेबांच्या मागे लागून ते काम मी मामांसाठी जवळजवळ ठरवूनच आणलं होतं. ट्रक घेतला की रोजचं काम पक्कं. दुसरीकडे मेटाडोर नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. बुटकी, बंद डब्याची, चपळ गाडी. पण तिला मिळणार ते तातडीचं, सुटं काम. लाईन थांबली तर धंदा, नाही थांबली तर दिवसभर स्टँडवर माश्या मारायच्या.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर याची रोज सभा भरे. टपरीवाला लातूरकडचा होता, त्याचं मत ठाम. "ट्रक घ्या मामा. ट्रकवाल्याला लोक रस्ता देतेत. मेटाडोरवाल्याला सल्ला देतेत."

ओळखीच्या एका मालकाने आपला विकायला काढलेला ट्रक आठवडाभर चालवून बघायला दिला, आणि मामा त्याच्या प्रेमातच पडले. "भाऊ, काय उंची हाय राव! लोकांच्या ग्यालरीतली लोनच्याची बरनी दिसती. कैरीचं हाय का लिंबाचं, तेबी कळतं."

त्याच आठवड्यात लाईन थांबली. हवे होते स्प्रिंग, आणि ते होते पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये. मामी त्या आठवड्यात माहेरी होत्या, म्हणून मीच मामांबरोबर ट्रकातून गेलो. स्प्रिंगांचं खोकं जेवणाच्या डब्याएवढं. मामांनी ते रिकाम्या ट्रकाच्या मधोमध ठेवलं आणि दोरखंडाने चारी बाजूंनी बांधलं. म्हणाले, "एकटंच हाय बिचारं. भिईल."

परतताना दापोडीच्या जकात नाक्यावर कारकुनाने मागे डोकावून पाहिलं. "माल कुठंय?"

"ह्यो काय."

"एवढ्या ट्रकात एवढंच?"

"लाडाचं हाय."

कारकुनाचा संशय पक्का झाला. तो ट्रकात चढला, फळ्या ठोकून पाहिल्या, स्टेपनी उतरवायला लावली, सीटखाली हात घातला, मामांचा डबा उघडून हुंगला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "खरं सांगा, काय लपवलंय?"

"साहेब," मामा म्हणाले, "लपवायला जागा हाय, पन माल न्हाई ना!"

आम्ही पोचलो तेव्हा लाईनीवरचे लोक मशिनला टेकून घोरत होते आणि धाकटे साहेब माझी वाट बघत होते. मी भरपूर बोलणी खाल्ली. अपराधी वाटणं हा माझा जन्माचा आजार आहे. त्या कारकुनाचे कपडे मळले याचंही मला दोन दिवस वाईट वाटत राहिलं. मामा मात्र खूश होते. "स्प्रिंगचं काय, सायकलवरबी येतील. आपन रोजचं काम बघायचं. ठरलं भाऊ. ट्रक."

रविवारी ते मामींना तो ट्रक दाखवायला स्टँडवर घेऊन आले. मामींनी हळदकुंकवाचं ताट आणलं होतं. पुढच्या पत्र्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मामांनी थाटात डावं दार उघडलं. "बस की आता."

पायरी मामींच्या कमरेएवढी होती. त्यांनी दांडा धरला, चांगला पाय वर टाकला, पण दुसऱ्या पायाने रेटा बसेना. पुन्हा प्रयत्न केला. मामा आधार द्यायला मागे आले, तशी त्यांनी टपरीवरच्या मंडळींकडे एकदा पाहिलं, पाय खाली घेतला आणि पदर सारखा केला. "कुंकू लागलं न्हवं? झालं मंग."

मामांनी डावं दार लावलं. मग त्यांनी टायरला एक लाथ घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रेक बराबर न्हाईत ह्याचं. नको आपल्याला."

"उभ्या गाडीचे ब्रेक कसे कळले मामा?" टपरीवाल्याने विचारलं. सगळे हसले.

"उभी हाय तवरच कळाय पायजेत. पळाय लागल्यावर कळून काय उपेग?"

मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, स्टूल ठेवा, लोखंडी शिडी करून घ्या, पण एवढं पक्कं काम सोडू नका.

"भाऊ, रोज गेटावर, नाक्यावर चार मानसांदेखत तिला चढवू नि उतरवू? ती काय कास्टिंग हाय?"

"मग त्यांना घरी राहू द्या."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चाकं काढून गाडी चालवायला सांगितलं होतं. "आन गाडी मागं कोन घेईल?"

मेटाडोर आली. कास्टिंगचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. दोन सीटांच्या मध्ये इंजिनाचं झाकण होतं. त्यावर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी ठेवून मामी त्या मुंबईपर्यंत गरम ठेवत. खंडाळ्याच्या घाटात एकदा मलाही त्यातली अर्धी मिळाली. तिला डिझेलचा वास होता आणि चव फार चांगली होती. पण कामाविना जाणारे दिवसही पुष्कळ होते. स्टँडवर मेटाडोर उभी दिसली की मी तोंड लपवून पलीकडून जाई, जणू लाईन सुरळीत चालते हा माझाच गुन्हा. मामी बरोबर हेरत आणि रस्त्यापलीकडून हाक मारत, "अवो भाऊ! थांबवा की एखादी लाईन!"

अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात मामी आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. मी महाळुंग्याला जाऊन आलो. मामाच मला म्हणाले, "चहा घे भाऊ."

त्यानंतर मेटाडोर स्टँडवर दिसेना. बऱ्याच महिन्यांनी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, ते भोसरीचं रोजचं काम निघंल का आता?"

"पण मामा, मेटाडोरला ते वजन झेपायचं नाही."

"मेटाडोर इकली," ते म्हणाले. "आता ट्रक चालंल."

मी पुन्हा साहेबांच्या मागे लागलो. काम मिळवून दिलं.

पहिल्या दिवशी त्यांना सोडायला मी गेटपर्यंत गेलो. मामांनी डावीकडचं दार उघडून डबा आणि पाण्याची बाटली सीटवर ठेवली, मग पलीकडून चढून आपल्या जागी बसले आणि इंजिन सुरू केलं. डावं दार तसंच उघडं राहिलं होतं. मामा स्टेअरिंगवर हात ठेवून थांबले. मग बसल्या बसल्या त्यांनी त्या दारापर्यंत हात लांबवून पाहिला. ट्रकाची केबिन रुंद, हात पोचेना.

ते खाली उतरले, पुढून वळसा घालून आले, दार लावलं, आणि परत वळसा घालून वर चढले.