आजचा शब्द: कॅकल

लोकांना माझ्या इंग्रजीचं फार कौतुक. मला मात्र अलीकडे त्याची लाज वाटते, आणि ती का, हे एकदाचं सांगून टाकते.

मी जामसंड्यात हायस्कुलात इंग्रजी शिकवते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी माझ्याच आवाजात एक शब्द पाठवते. पालकही ऐकतात, "मॅडम, मस्त!" म्हणतात, आणि मी फुगते. यंदा चतुर्थीच्या सुट्टीत शब्द घेतला 'कॅकल'.

शब्द मोठा गमतीचा. कोंबडी अंडं घातलं की सगळ्या वाडीला ओरडून सांगत सुटते ना, त्या आवाजावरून इंग्रजांनी तो घेतला. डच, जर्मनांकडेही त्याची भावंडं आहेत. आधी कोंबड्या-बदकांपुरता होता. मग गलका करून बोलणाऱ्यांना लागला आणि पुढे कर्कश हसण्याला. गोष्टींतल्या चेटकिणी हसतात ते हेच.

नमुना घरातच होता. माझी थोरली जाऊ, वयनी. चतुर्थीत वाडीतल्या बायका संध्याकाळी घरोघर फुगड्या घालतात. वयनी ऐनवेळी गाणी जुळवते, नवऱ्यांची, सासवांची, माझ्या नोकरीचीसुद्धा टर उडवते, आणि फुगडी थांबली की जे हसते ते ओहोळापलीकडे ऐकू जातं. त्या हसण्याशिवाय फुगडी रंगतच नाही. वयनीला मूल नाही. माझी दोन्ही पोरं तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवली, म्हणून मी बी.एड. करू शकले.

मी तिचं हसणं गुपचूप रेकॉर्ड केलं, शब्दाच्या शेवटी जोडलं आणि वर म्हटलं, "ऐका, ही आमच्या घरची कोंबडी. अंड्याचा पत्ता नाही, नुसता कलकलाट!"

सहज तोंडातून निसटलं, असं मी नवऱ्याला सांगितलं. साफ खोटं. बोलण्याआधी मी क्षणभर अडखळले होते. पण वाक्य इतकं झकास जमलं होतं, की सोडवेना. कसली डोंबलाची हुशारी ही!

दुसऱ्या दिवशी वयनी नारळ खवता खवता म्हणाली, "काय गो, माझां हसणां तुझ्या शाळेच्या ग्रुपार आसा म्हणतत. त्या इंग्लिश शब्दाचो अर्थ काय?"

"मनमोकळं हसणं," मी म्हटलं. घरात कायम मालवणी बोलणारी मी, खोटं मात्र शाळेच्या भाषेत बोलले.

ती केवढी हरखली! येईल त्या बाईला सांगू लागली, "माझ्या हसण्याक इंग्लिशीत शब्द आसा!" बायका एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. ते मला दिसत होतं. मी उठून आत गेले आणि उगाच डबे पुसत बसले. संदेश मी पुसला होता, पण तोवर तो वाडीभर फिरला होता.

त्याच संध्याकाळी तिने शेजारच्या सुनेला आग्रह केला, "लाव बघूया, माका ऐकव." सून नको नको म्हणत होती. शेवटी तिने लावलं. वयनीने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग घरी आली, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि माझ्या पोरांना जेवायला वाढलं. माझ्या झिंज्या धरून भांडली असती तरी चाललं असतं.

गणपतीच्या पाचव्या दिवशी आमच्याकडे फुगडी होती. वयनी उतरली, गायली, माझीही टर उडवली. बायका हसून लोळल्या. ती मात्र तोंड मिटून पदराने घाम पुसत उभी. मला राहवेना. सगळ्यांसमोर तिच्याजवळ गेले. "वयनी, मी चुकलंय. हसा बघूया एकदा."

"हसतलंय गो," ती म्हणाली. "तुझो मोबाईल खंय आसा, ता आधी सांग."