आठ ट्रेंवरचा निकाल

ऐंशीच्या दशकात मी चारकोपला इंजेक्शनच्या एका कारखान्यात आकडेवारी बघायचो. सहा बायका गॅसच्या ज्योतीवर अँप्युलची, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्यांची, तोंडं बंद करायच्या. मग प्रत्येकीचा ट्रे निळ्या पाण्यात बुडवायचा. गळक्या अँप्युलमध्ये निळं शिरायचं.

गळक्या वाढल्या तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, बायकांना रँडम इफेक्ट धरू. म्हणजे या कामावर येऊ शकतील अशा अनेकींमधल्या या सहा, असं मानायचं. मग जिचे ट्रे थोडे, तिचा दर ट्रेमागे गळक्यांचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढला जातो. थोडक्या नोंदींवर कुणाला वाईट ठरवलं जात नाही. फिक्स्ड धरलं तर प्रत्येकीचा आकडा आला तसाच उभा राहतो.

"अरे, लेक्चर नको देऊ. कोण बिघडवतंय? नाव दे."

मी फिक्स्ड धरलं. एकजण नवीन होती, मनोरीहून होडीने यायची. तिचे जेमतेम आठ ट्रे झाले होते, बाकीच्यांचे शेकड्यांनी. यादीत तिचाच आकडा सगळ्यात वर आला. आकड्यापुढे तो किती वरखाली असू शकतो, ती मर्यादा लिहायची असते. ती इतकी रुंद होती की उरलेल्या पाचही जणींचे आकडे त्या मर्यादेत मावले असते. साहेबांच्या कागदावर मी ती घातलीच नाही.

शनिवारी तिला कामावरून काढलं. ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"काय ओ साहेब, त्यांचे ट्रे किती नि माझे किती? पहिली भाकरी करपली म्हणून सुनेला घराबाहेर काढतात काय?"

मागे कुणीतरी हसलं. मीही हसलो.

"कागदात तसंच आलंय," मी म्हणालो.

साहेबांना मला जे समजावता आलं नाही, ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं.

ती गेल्यावरही गळक्या येतच राहिल्या. मग मी रँडम धरून गणित पुन्हा केलं. तिचा आकडा इतर जणींच्या रांगेत येऊन बसला. तो कागद मी कुणाला दाखवला नाही. मनोरीलाही गेलो नाही, खाडी ओलांडायला कितीसा वेळ लागतो तरी.

पुढे कुणी विचारलं तर सांगायचो, मॉडेल कुठलं निवडावं यावर जाणकारांतही मतभेद असतात. ते खरं आहे. पण माझं मत त्या दिवशीही पक्कं होतं, आणि साहेबांसमोर मी ते गिळलं. ती वाईट काम करते असं माझ्या गणितातून कधीच सिद्ध झालं नव्हतं. तिला हे सांगू शकेल असा एकटा मीच होतो.