सूतभर मोठे बैल

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरजवळच्या एका सरकारी कामावर मी पाळणाघर सांभाळायची. बाया खडी फोडायच्या आणि त्यांची अठ्ठावीस मुलं दिवसभर माझ्याकडे असत. वहीत माझ्या याद्या होत्या: कोणाला खोकला, कोणाला सुकडीचा खाऊ जास्त, कोण आईमागे पळतं. या शेवटच्या यादीत बारा नावं. पाळणाघराच्या छपरात खेळायला काहीच नव्हतं, मग ती उठून खडीच्या ढिगाकडे जात. एकाच्या भुवईला कपची लागली, तेव्हा मुकादमाने सांगून टाकलं की सोमवारपासून ढिगाजवळ जे मूल दिसेल त्याच्या आईचं नाव हजेरीवरून कमी होईल. त्या बायांच्या चुली त्या कामावरच पेटत होत्या.

गुरुवारी मी एसटीने नगरला गेले. तिथे वडिलांच्या ओळखीचे एक चाचा दारांच्या फळ्यांवर वेलबुट्टी कोरायचे. त्यांच्याकडे लाकूड कोरायचं विजेचं राउटर होतं, गावात तेव्हा दुर्मीळच. मी यादी पुढे ठेवली: बारा पाट, प्रत्येकात बैलाच्या आकाराचा खळगा, आणि त्यात बसेल असा एकेक बैल. मूल बैल काढील, पुन्हा बसवील, गुंतून राहील. चाचांनी पैशांचा विषयच काढला नाही. देवदारी खोक्यांच्या फळ्या कोपऱ्यात पडून होत्या, त्या त्यांनी ओढून काढल्या.

साच्यासाठी मी प्लायवूडवर बैल काढला. माझं म्हणणं, एकदाच कापा: मधून निघेल तो बैलाचा साचा, उरेल ती चौकट खळग्याचा. चाचांना दोन वेगळे साचे हवे होते. दुसरा कापून, कानशीने घासून तयार करण्यात अर्धा दिवस गेला असता, आणि माझ्या वहीत तो अर्धा दिवस नव्हता.

"बाई, एका रेघेतून घर अन् पाव्हणा दोन्ही निघत न्हाईत," ते म्हणाले.

मी वेळापत्रक दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसून कामाला लागले.

दोन दिवस मी फळ्या धरल्या, कडा पॉलिशपेपरने घासल्या. चाचांच्या पांढऱ्या मिशा भुश्याने पिवळ्या झाल्या. शनिवारी संध्याकाळी सगळं झाल्यावर पहिला बैल पाटावर ठेवला. बसेना. दुसराही बसेना. राउटरच्या पात्याभोवती एक कडी असते. ती साच्याला घासत जाते, म्हणून पातं साच्यापासून सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब कापतं. बैल चहूबाजूंनी सूतभर मोठा झाला होता, खळगा सूतभर लहान. बारापैकी एकही बैल घरात जाईना.

मी खाली बसले. फळ्या संपल्या होत्या, परतीची एसटी सकाळची होती. चाचांनी एक बैल हातात घेतला, त्याच्या पायांचे तळ घासून सपाट केले आणि तो टेबलावर उभा केला.

"उभा तर ऱ्हातोय," ते म्हणाले. "घेऊन जा."

सोमवारी एक आई मुलाला सोडायला आली, तिने बैल खळग्यावर ठेवून पाहिला.

"बाई, गुरांच्या छावनीत पेंड लई मिळती व्हय? गोठ्यात मावंनात की तुमचे बैल."

बाकीच्या हसल्या. मलाही हसावं लागलं. बाया कामावर गेल्या आणि मी पाट मुलांपुढे मांडले. कसं खेळायचं हे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पळणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव असलेली एक चार वर्षांची मुलगी होती. तिने बैल बाजूला उभा केला, ओंजळीने माती आणून खळगा काठोकाठ भरला आणि बैलाचं तोंड त्याच्याजवळ नेलं.

मी विचारलं, हे काय?

"हौद हाय," ती म्हणाली. "त्यो पानी पितुया. हलवू नका."

थोड्या वेळात बाराही हौद भरले. बैल ओळीने पाण्यावर आले, मग छावणीत गेले, मग पुन्हा तहानले. दुपारी मुकादम येऊन दारात उभा राहिला, मुलं मोजून गेला. अठ्ठावीस. त्या दिवशी एकाही आईचं नाव कमी झालं नाही, पुढेही नाही.

पुढच्या रविवारी हे सांगायला मी मुद्दाम नगरला गेले. चाचांनी नीट बसणारे दोन नवे साचे आधीच करून ठेवले होते. ते माझ्या हातात दिले, चहा मागवला आणि हौदाची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

त्या साच्यांवर पुढे कितीतरी पाट निघाले. ज्यांचे आभार मानायचे राहिले अशांची एक यादी मी अजून ठेवते, आणि तिच्यात चाचा सर्वांत वर आहेत. खेळण्यांसाठी तर आहेतच. पण त्या शनिवारी "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत, त्यासाठी जास्त.