ब्रेकवर लेकीचा पाय

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या या गृहस्थांना सगळी गल्ली जपूनकाका म्हणायची. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण अगदी चपखल ठेवलं. गिऱ्हाईक दारात आलं की ‘या’ म्हणायच्या आधी हे म्हणणार, ‘जपून हं, पायाखाली वायर आहे.’ साधा बल्ब बदलायचा तरी आधी बॅटरी सोडणार. लोक हसायचे. हसेनात का बापडे! काका भित्रे होते हे खरंच, आणि ते लपवायचेही नाहीत.

बरं, भीतीही उगाच नव्हती. त्यांना हे काम शिकवणारे मास्तर एकदा बॉनेट उघडून गाडीपुढे उभे होते आणि आत बसलेल्याचा पाय क्लचवरून सुटला. गाडीनं मास्तरांना भिंतीशी दाबलं. जीव वाचला, कुबडी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. त्या दिवशी काकांनी खूणगाठ बांधली. इंजिन चालू असताना आपण पुढे आणि दुसरा कुणी आत, हे या जन्मात करायचं नाही.

आणि आता लेकीचीच गाडी गॅरेजात उभी होती. लेक सासूबाईंना डायलिसिससाठी टेकडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायची. सपाटीवर गाडी सुरळीत चाले, चढ लागला की ठसके देई. काल तर ऐन चढावर बंद पडून मागे घसरली आणि मागून ट्रक. ट्रकवाल्यानं कसाबसा आवरला म्हणून निभावलं. उद्या पुन्हा जायचं होतं. भाड्याची गाडी त्या रस्त्याला वेळेवर मिळेलच याचा भरवसा नव्हता, आणि डायलिसिस चुकवून कसं चालेल?

त्यांनी प्लग काढून पाहिले, कॉइल तपासली, जोडन् जोड मीटरनं पाहिला. सगळं ठीक. उभ्या गाडीचं इंजिन तर गरीब गाईसारखं चालत होतं. म्हणजे दोष चढावरच उघडा पडणार. चढावर जोर लागला की इंजिन जागच्या जागी एका अंगाला कलतं, आणि तेव्हाच कुठलीतरी वायर कशालातरी चिकटत असणार. हे बघायचं तर तसा जोर इथेच लावायला हवा. गाडी गिअरमध्ये, ब्रेक दाबलेला आणि क्लच हळूहळू सोडायचा. ठिणगी दिसायला अंधार हवा, म्हणून डोक्यावरून जुनी चादर घेऊन इंजिनावर वाकायचं.

लेकीला आत बसवून काकांनी आधी रिव्हर्स गिअरमध्ये करून पाहिलं. गाडी सुटलीच असती तर मागे गेली असती. पण त्यात इंजिन उलट्या अंगाला कललं, ठसका काही आला नाही. म्हणजे पुढचाच गिअर टाकायला हवा होता. गॅरेज इतकं अरुंद की गाडीच्या बाजूला माणूस उभाच राहू शकत नव्हता. उभं राहायचं ते पुढेच, भिंतीला पाठ लावून. गाडीचं तोंड रस्त्याकडे करावं, तर समोरून पोरंबाळं जातात. चाकांपुढे त्यांनी विटा सरकवल्या, पण गुळगुळीत फरशीवर त्या कितपत टिकणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेकीला त्यांनी सगळं समजावलं. ती मान हलवत ऐकत होती, पण चेहरा उतरला होता. मग ते चादरीखाली गेले. आत पेट्रोलचा वास आणि स्वतःचा धापा टाकणारा श्वास. लेक दिसेना. काकांना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“क्लच सोड, हळू,” ते म्हणाले.

इंजिन कण्हलं आणि कललं. लेकीचे दोन्ही पाय ब्रेक-क्लचवर, म्हणून काकांनी पुढूनच ॲक्सिलरेटरची तार ओढली. ठसका. पुन्हा ठसका. गाडी वीतभर पुढे सरकली, बंपर नडगीला टेकला. काका तसेच वाकून राहिले. तेवढ्यात मागच्या बाजूला प्लगच्या वायरीपाशी निळी ठिणगी उडाली, लोखंडी पट्टीवर. परत उडाली.

“बंद कर,” ते कसेबसे म्हणाले.

मिळालं होतं. वायर इंजिनाच्या गरम भागाला लागू नये म्हणून पूर्वी एकदा काकांनीच ती त्या पट्टीजवळ करकचून बांधून टाकली होती. इंजिन कललं की ताण बसून ती पट्टीवर घासायची. इतकं जपायला कुणी सांगितलं होतं! त्यांनी नवी वायर टाकली, सैल सोडली. पुन्हा चादरीखाली जाऊन पाहिलं. इंजिन कललं, ठसका नाही, ठिणगी नाही.

बाहेर आले तर लेक अजून स्टिअरिंग धरून बसलेली, रडत.

“बाबा, काल चढावर गाडी बंद पडली ना, तेव्हा माझा पाय ब्रेकवरून निसटला होता. गाडी मागे गेली ती त्यामुळे.”

काका मटकन विटेवर बसले.

“आणि हे आत्ता सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं, तर उभे राहिला असतात पुढे?”

नसते राहिले. तिलाही ते ठाऊक होतं.

“उद्या मी येतो,” ते म्हणाले. “तुझ्या शेजारी बसतो.”

“बसून काय करणार? ब्रेक माझ्याच पायाखाली असणार.”

“म्हणूनच बसतो,” काका म्हणाले. चादरीची घडी लेकीनं घातली.